विद्यापीठात व्हिडिओ शिकवायला बोलावलंय? आधी ही तयारी करा

आपल्या धंद्याचे व्हिडिओ नीट जमायला लागले, की कधीतरी फोन येतो, "सर, आमच्या मुलांना बेसिक व्हिडिओ शिकवाल का?" मला एका विद्यापीठातून आला. 40 मुलं, तीन तास. मी दोन तास कॅमेरा, लेन्स, सेन्सर यावरच बोललो. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, शूट कधी करायचं?" पुन्हा बोलावणं आलं नाही!

तेव्हापासून माझा नियम एकच. प्रत्येक मुलाने स्वतः केलेला व्हिडिओ घेऊनच बाहेर पडायचं. तयारी तिथून उलटी मोजायची.

1. वेळेचं गणित
40 मुलं म्हणजे पाच-पाच जणांचे 8 गट. प्रत्येकाचा एक मिनिटाचा व्हिडिओ. शूटिंगला 60 मिनिटं, एडिटिंगला 45, आणि बघून चर्चा करायला गटामागे 4, म्हणजे 32. तीन तासांतून उरली 43 मिनिटं. हजेरी आणि प्रोजेक्टरची जोडाजोड धरा. तुमच्या वाट्याला अर्धा तास!

2. त्या अर्ध्या तासात तीनच गोष्टी
आवाज, उजेड, हात स्थिर ठेवणं. आवाजासाठी एकच वाक्य दोनदा रेकॉर्ड करून न्या: एकदा फोन दहा फुटांवर ठेवून, एकदा कॉलर माईक लावून. फरक ऐकला की समजावत बसावं लागत नाही. उजेडासाठी खिडकीकडे पाठ आणि खिडकीकडे तोंड, अशा दोन क्लिप.

3. आदल्या दिवशी खोली बघा
टाळी वाजवा. आवाज घुमला तर दुसरी खोली मागा. ट्यूबखाली चाचणी शूट करा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे काही दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. फोनच्या प्रो मोडमध्ये 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं की बहुतेक वेळा ते जातात. चार्जिंगचे प्लग मोजा. मुलांना फोनमधली जागा रिकामी करून यायला सांगा. 1080पी व्हिडिओ मिनिटाला शंभरेक एमबी खाऊ शकतो.

4. व्यवहार लेखी
मानधन, प्रवासखर्च, पैसे कधी मिळणार, हे ईमेलवर आधीच घ्या. संकोच नको.

आणि शेवटचं. घरातल्या कुणालातरी, ज्याने कधी एडिटिंग केलेलं नाही, फोन देऊन हाच एक मिनिटाचा व्हिडिओ करायला लावा. तो जिथे अडकेल, तिथेच तुमचा वर्ग अडकणार. ती जागा आधी दुरुस्त करा, मग जा!