बेटावरची निवांत सुट्टी

धाराशिव जिल्हा समुद्रापासून दूर, बालाघाटाच्या डोंगराळ भागात वसलेला आहे. येथील नद्यांनाही अरबी समुद्र ठाऊक नाही. तेरणा मांजरेला मिळते व मांजरा गोदावरीला. सीना आणि बोरी भीमेच्या वाटेने कृष्णेकडे जातात. हे सारे पाणी अखेर पूर्वेच्या बंगालच्या उपसागरास मिळते. म्हणून येथील मुलांना पश्चिमेचे एखादे बेट पाहावयाचे असेल, तर नद्यांकडे पाठ फिरवून सह्याद्री ओलांडावा लागतो.

असे एक सुंदर बेट मालवणच्या किनाऱ्यासमोर आहे. त्याचे नाव कुरटे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या खडकाळ बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ साली तो पुरा झाला. किल्ल्याचा नागमोडी तट सुमारे तीन किलोमीटर लांब आहे.

बेटावरची सुट्टी निवांत व्हावी, असे सर्वांनाच वाटते. परंतु निवांतपणा आपोआप लाभत नाही. त्याची तयारी घरीच करावी लागते. प्रथम दिवसांचा हिशेब करावा. सोलापूर, कोल्हापूर व फोंडा घाट या मार्गाने धाराशिवहून मालवण चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पाच दिवसांची सुट्टी असेल, तर जाण्यायेण्यात दोन दिवस सरतात. उरलेल्या तीन दिवसांत दहा ठिकाणे पाहू म्हणणारा प्रवासी दमून घरी येतो. एक दिवस किल्ल्यासाठी, एक दिवस किनाऱ्यासाठी ठेवावा आणि एक दिवस मोकळाच सोडावा. मुक्काम मालवणात करून बेटावर होडीने जावे.

दुसरा विचार ऋतूचा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो व प्रवासी होड्यांची ये-जा बंद राहते. मे महिन्यात किनाऱ्यावरची हवा धाराशिवइतकी तापत नाही, पण दमटपणामुळे घामाच्या धारा लागतात. दिवाळीनंतरचे व हिवाळ्याचे दिवस त्यामानाने सुखाचे.

तिसरा विचार भरती-ओहोटीचा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक ओसरते. आज ज्या खडकावर बसून शंख वेचले, तो उद्या त्याच वेळी पाण्याखाली असेलच किंवा नसेलच, असे गृहीत धरू नये. स्थानिक नावाड्याला विचारावे आणि त्याचे ऐकावे.

सर्वांत महत्त्वाचा विचार पाण्याचा. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भोवती खारा समुद्र असताना बेटावर गोडे पाणी कसे मिळते? पावसाचे पाणी जमिनीत व खडकांच्या भेगांत मुरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असल्यामुळे ते जड असते. गोडे पाणी हलके असते. म्हणून अनेक लहान बेटांच्या पोटात गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. पाऊस जितके पाणी देतो, त्याहून अधिक उपसले, की हा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. पठारावरची आटलेली विहीर पुढच्या चांगल्या पावसाने भरते. बेटावरची खारट झालेली विहीर पुन्हा गोडी होण्यास कित्येक वर्षे लागू शकतात.

धाराशिवच्या मुलांना हे निराळे सांगावयास नको. दुष्काळी वर्षी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे राहणे म्हणजे काय, ते त्यांच्या घरोघरी ठाऊक असते. त्यांच्याच जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बंधारा बांधलेला आहे आणि त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. एक किल्ला पठारावरचा, एक समुद्रातला. परंतु दोन्ही ठिकाणी पाण्याचा विचार झाल्याविना वस्ती टिकली नसती.

म्हणून बेटावर जाताना पिण्याचे पाणी बरोबर न्यावे, रिकाम्या बाटल्या परत आणाव्या आणि तेथील पाण्याचा एक थेंबही वाया घालवू नये. चार घटका विसावण्यासाठी आलेल्या पाहुण्याने यजमानाची घागर रिती करून जाऊ नये. ज्याने घरी पाण्याचे मोल जाणले, तोच बेटावरचा खरा शहाणा पाहुणा होय.