मॉइसनाइट : ओळख, निवड आणि निगा

हिऱ्यासारखे दिसणारे, परंतु हिरा नसलेले खडे अलंकारांत जडविण्याची प्रथा जुनी आहे. काच, रंगहीन झिर्कॉन आणि अलीकडचे क्युबिक झिर्कोनिया ही त्या परंपरेतील परिचित नावे होत. मॉइसनाइटचे स्थान या सर्वांहून निराळे आहे. इतर खडे हिऱ्याचे केवळ बाह्य रूप घेतात. मॉइसनाइट मात्र कठिनता, तेज आणि उष्णतावाहकता या गुणांतही हिऱ्याच्या निकट येते. त्यामुळे हिरा ओळखण्याच्या काही प्रचलित कसोट्या येथे निरुपयोगी ठरतात. जेथे अलंकार ही शोभेची वस्तू असून शिवाय अडचणीच्या काळचा ठेवाही असते, तेथे या गोष्टीचे महत्त्व शास्त्रीय कुतूहलापुरते मर्यादित राहत नाही. मॉइसनाइटचे स्वरूप, त्याची परीक्षा, निवड आणि निगा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव आणि उत्पत्ती

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासां यांनी १८९३ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथील कॅन्यन डियाब्लो अशनीचे नमुने तपासावयास घेतले. त्यांत आढळलेले सूक्ष्म, कठीण स्फटिक प्रथम हिऱ्याचे समजले गेले. १९०४ साली म्वासां यांनीच ते सिलिकॉन कार्बाइडचे असल्याचे निश्चित केले. १९०५ साली रत्नशास्त्रज्ञ जॉर्ज फ्रेडरिक कुंझ यांनी या खनिजास म्वासां यांचे नाव दिले. त्या नावाच्या इंग्रजी उच्चारावरून ‘मॉइसनाइट’ हे रूप मराठीत रूढ झाले आहे. ज्याला हिरा समजण्याची चूक बाजारात आज होते, त्याच्याविषयी तीच चूक त्याच्या पहिल्या परीक्षणातही झाली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

विशेष असे की, हे द्रव्य निसर्गात सापडण्यापूर्वीच कारखान्यात तयार झाले होते. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली विद्युत् शक्तीच्या साहाय्याने चिकणमाती व कोक तापवून सिलिकॉन कार्बाइड बनविले. कार्बोरंडम या नावाने ते धार लावण्याच्या चाकांतून सर्वत्र पोहोचले. नैसर्गिक मॉइसनाइट अत्यंत विरळ असून त्याचे कण बहुधा फार सूक्ष्म असतात. सबब अलंकारांतील मॉइसनाइट प्रयोगशाळेत वाढविलेले असते, असेच धरून चालावे. १९५५ साली लेली यांनी व १९७८ साली सोव्हिएट संघातील ताइरोव्ह आणि त्स्वेत्कोव्ह यांनी संप्लवनाच्या ज्या पद्धती विकसित केल्या, त्यांमुळे मोठे व निर्दोष स्फटिक मिळणे शक्य झाले. या पद्धतीत २००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानास द्रव्याची वाफ होऊन ती बीजस्फटिकावर थराथराने जमते. मुळात इलेक्ट्रॉनिकीसाठी केलेल्या या प्रयत्नांतून १९९८ च्या सुमारास मॉइसनाइट जवाहिरांच्या बाजारात आले.

गुणधर्म

मोस मापावर हिऱ्याची कठिनता १०, मॉइसनाइटची सुमारे ९.२५ आणि क्युबिक झिर्कोनियाची ८ ते ८.५ असते. नित्याच्या वापरात मॉइसनाइटवर सहसा ओरखडे पडत नाहीत. हिऱ्यात स्पष्ट पाटन असते, म्हणजे विशिष्ट दिशेने बसलेल्या आघाताने तो दुभंगू शकतो. मॉइसनाइटमध्ये असे स्पष्ट पाटन नसते.

हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४१७, तर मॉइसनाइटचे वक्रीभवनांक सुमारे २.६५ व २.६९ आहेत. खड्यावर लंबरूप पडणाऱ्या प्रकाशापैकी हिरा सुमारे १७ टक्के, तर मॉइसनाइट सुमारे २० टक्के भाग पृष्ठभागावरूनच परावर्तित करते. श्वेत प्रकाशाचे रंगांत पृथक्करण करण्याचा गुण, म्हणजे अपस्करण, हिऱ्यात ०.०४४ व मॉइसनाइटमध्ये ०.१०४ असतो. म्हणजे रंगांची उधळण मॉइसनाइटमध्ये दुपटीहून अधिक होते. लहान खड्यात हा भेद जाणवत नाही. मोठ्या खड्यात तो अनुभवी दृष्टीस तत्काळ दिसतो. कोणास तो मोहक वाटेल, कोणास भडक. हा अभिरुचीचा प्रश्न आहे, गुणदोषाचा नव्हे.

परीक्षा

हिरा पारखण्यासाठी पेढ्यांवर जे छोटे विद्युत् उपकरण वापरतात, ते बहुधा खड्याची उष्णतावाहकता अजमावते. काच व क्युबिक झिर्कोनिया या दोहोंची वाहकता अत्यल्प असल्यामुळे त्यांचे सोंग लगेच उघडे पडते. मॉइसनाइटची वाहकता हिऱ्याहून बरीच कमी असली, तरी ती तांब्याच्या तोडीची आहे. त्यामुळे साधे उपकरण तिला ‘हिरा’ असाच कौल देते. ग्राहकाची फसवणूक, क्वचित विक्रेत्याचीही, येथेच होते. विद्युत् संवाहकता मोजणारे दुसरे उपकरण जोडीस घेतल्यास बहुतेक मॉइसनाइट ओळखता येते. मात्र अलीकडच्या काही अतिशुद्ध, रंगहीन खड्यांत ही संवाहकता क्षीण असते. उलट, काही निळे हिरे विद्युत् वाहक असतात. म्हणून एकाच कसोटीवर भिस्त ठेवू नये.

दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग हे येथे अधिक विश्वासू साधन आहे. हिरा समदिक् असल्याने त्यात प्रकाशकिरण दुभंगत नाही. मॉइसनाइट षट्कोणी समूहातील असून त्याचे द्विवक्रीभवन ०.०४३ आहे. त्यामुळे त्यातून पाहिल्यास मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. खडे पाडताना प्रकाशाक्ष वरच्या सपाट पैलूशी काटकोनात ठेवण्याची पद्धत असल्यामुळे त्या पैलूतून सरळ पाहिल्यास कडा एकेरीच दिसतात. खडा तिरपा करून कडेच्या पैलूंतून पाहणे आवश्यक असते. सुट्या खड्यासाठी आणखी एक निर्णायक कसोटी आहे. मेथिलीन आयोडाइडचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.३२ असते. त्यात हिरा (३.५२) बुडतो व मॉइसनाइट (३.२२) तरंगते. हा द्रव विषारी असल्याने ही परीक्षा प्रयोगशाळेतच करावी.

निवड

विशिष्ट गुरुत्व कमी असल्यामुळे समान आकारमानाचे मॉइसनाइट हिऱ्याहून सुमारे ८.५ टक्के हलके भरते. ६.५ मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा सुमारे एक कॅरट भरतो. त्याच घडणीचे मॉइसनाइट सुमारे ०.९१ कॅरट भरेल. यास्तव मिलिमीटरमधील माप हाच खरेदीचा आधार असावा. ‘एक कॅरट’ म्हणजे प्रत्यक्ष वजन की तितक्या आकाराच्या हिऱ्याचे वजन, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे.

रंग पाहण्यासाठी खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून दिवसाच्या प्रकाशात बाजूने पाहावा. नायट्रोजनच्या अंशामुळे येणारी हिरवट झाक तेव्हा लक्षात येते. दिव्यांच्या झगमगाटात ती लपते. घडणीचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. मॉइसनाइटचा क्रांतिक कोन सुमारे २२ अंश, तर हिऱ्याचा २४.४ अंश असतो. म्हणून पैलूंचे कोन मॉइसनाइटच्या गुणधर्मांस अनुसरून ठेवणे इष्ट ठरते.

भारतात सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्क धातूच्या शुद्धतेची ग्वाही देतो. खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. पावतीवर खड्याचे नाव, माप व किंमत आणि सोन्याचे निव्वळ वजन स्वतंत्र लिहून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. पुनर्विक्रीत मॉइसनाइटला फारशी किंमत येत नाही. ठेव म्हणून ते घेणे अयोग्य; वापरण्यासाठी घेणे सर्वथा योग्य.

निगा

कोमट पाणी, सौम्य साबण किंवा रिठ्याचे पाणी आणि मऊ ब्रश एवढे साहित्य सफाईस पुरते. मुख्य लक्ष खड्याच्या मागील बाजूस द्यावे, कारण तेल व मळ तेथेच साचून तेज मंदावते. कधी कधी पृष्ठभागावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसू लागतात. तो वर साचलेल्या तलम थराचा परिणाम होय. खडा बिघडल्याचे ते लक्षण नव्हे. पॉलिशच्या मऊ फडक्याने तो बहुधा निघतो. राख वा दंतमंजन यांनी घासल्यास खड्यापेक्षा सोन्याचीच झीज होते.

मॉइसनाइट स्वतः झिजत नाही, पण शेजाऱ्यास झिजविते. मोती, पाचू किंवा सोने यांच्याशी एकाच डबीत ठेवल्यास त्यांवर ओरखडे उमटतात. प्रत्येक दागिना वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावा. दुरुस्तीच्या वेळी ज्योतीच्या उष्णतेने खडा पिवळसर होतो व निवाल्यावर पूर्ववत् होतो. या प्रकाराने घाबरून तो एकदम थंड पाण्यात टाकू नये. खडा हरवण्याचे नेहमीचे कारण त्यास धरणाऱ्या धातूच्या दात्यांची झीज हे असते. ते वर्षातून एकदा सराफाकडून तपासून घ्यावेत.

द्विवक्रीभवन, अधिक अपस्करण आणि कमी गुरुत्व हे मॉइसनाइटचे दोष नसून त्याची स्वतःची लक्षणे आहेत. हिरा म्हणून विकले गेले तरच ती उणी ठरतात. म्वासां यांनी १९०४ साली जे केले, तेच प्रत्येक खरेदीदाराने व विक्रेत्याने करावयाचे आहे : समोरच्या वस्तूस तिच्या खऱ्या नावाने ओळखणे.