चिराखानची माती, इंदूरचा नळ

इंदूरमध्ये पाया खणा की विहीर, मुरुमाखाली काळा पाषाणच लागतो. त्याच गावात नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ मी नळाखाली धुतला जाताना पाहिला.

ढेकळं धार जिल्ह्यातल्या चिराखानची. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८४ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या बाग गावाभोवतीच्या सागरी थरांचा क्रम लावला, त्यात या मऊ, चुनखडीमिश्रित थराच्या नावात चिराखान आलं. सुपारीएवढे तुकडे वाळवून रात्रभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवले होते. सकाळी त्यांचा गाळ झालेला. तो ०.०६३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर, बारीक धारेखाली. मी बोट लावायला गेले तर हे काम करणाऱ्या, सूक्ष्म जीवाश्मांच्या अभ्यासक ताई म्हणाल्या, “चोळू नका, कवचं फुटतील.”

त्याआधी त्यांनी चाळणी मेथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात बुडवली होती. आधीच्या नमुन्यातलं कवच जाळीत अडकून राहिलं असेल, तर ते निळं होतं आणि नंतर ओळखून बाजूला काढता येतं. मला सगळ्या कामात हीच गोष्ट मोठी वाटली. परक्या थरातलं एक कवच मिसळलं, तरी थराचं वय लाखो वर्षांनी चुकू शकतं.

उरलेली चिमूटभर वाळू काळ्या तबकडीत पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक दाणा उचलायचा. तासाभरात माझ्या हाती दोन ऑस्ट्राकोड, म्हणजे दोन शिंपांच्या सूक्ष्म जीवांची कवचं आली, घेवड्याच्या बियांसारखी.

वय एका कवचावरून ठरत नाही. कोणती जात कधी अवतरली, कधी संपली, हे जगभरच्या थरांतून ठाऊक झालेलं असतं. एका थरात एकत्र सापडलेल्या जातींचे काळ जिथे जुळतात, ते त्या थराचं वय. उदाहरणार्थ, छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीत लाव्हाच्या थरांमध्ये तरंगते फोरामिनिफेरा, म्हणजे समुद्रातले कवचधारी एकपेशी जीव सापडले, डायनासोर नाहीसे झाल्यानंतरच्या पहिल्या काही लाख वर्षांतले. त्याच काळाचे राजमहेंद्रीच्या खाणींतही मिळाले होते. शेकडो किलोमीटर दूरचे दोन थर या कवचांनीच एका काळात आणून बसवले. झिलमिलीपासून समुद्र आज कितीतरी दूर आहे. तेव्हा त्याचं पाणी तिथवर पोचलं होतं.

ताईंच्या कपाटात एका डब्यावर चिठ्ठी नाही. आतली कवचं सुंदर आहेत, पण कुठल्या थरातली ते कुणी लिहिलं नाही, म्हणून ती कुठल्याच कामाची नाहीत. बागला सहलीला जाल तेव्हा शंख-शिंपले डोळे भरून पाहा, फोटो काढा, पण खिशात घालू नका.