रखडलेले किण्वन, घरगुती बिअरचे

सातूच्या माल्टपासून काढलेल्या गोड रसाचे, म्हणजे वर्टचे, यीस्टच्या साहाय्याने चाललेले किण्वन (आंबण्याची क्रिया) अपेक्षित मर्यादा गाठण्यापूर्वीच थांबले, तर त्यास रखडलेले किण्वन म्हणतात. मोठ्या मद्यनिर्माणशाळांत यीस्टची मोजणी, तापमानाचे नियंत्रण व प्रयोगशाळेची सोय असल्यामुळे हा दोष क्वचितच उद्‌भवतो. घरी १५–२५ लि. बिअर करणाऱ्यास मात्र तो वारंवार भेटतो. घरगुती बिअरनिर्मितीचा छंद मुख्यत्वे ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इ. देशांत रुजला आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली त्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट रद्द झाली, तर अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरापुरती बिअर करणे करमुक्त झाले. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तथापि पुणे, मुंबई येथील लहान परवानाधारक बिअरशाळांना आणि नासिक भागातील द्राक्षमद्याच्या उत्पादकांना याच स्वरूपाच्या अडचणीस तोंड द्यावे लागते.

किण्वनाची प्रगती विशिष्ट गुरुत्वावरून (वि. गु.) ठरवितात. वर्टमध्ये विरघळलेल्या शर्करांमुळे त्याचे वि. गु. पाण्यापेक्षा जास्त, सर्वसाधारण बिअरच्या बाबतीत १.०४० ते १.०६० असते. शर्करांचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होऊ लागले की ते उतरते. उदा., १.०४८ पासून निघालेले वर्ट १.०१२ ला थांबले, तर ४८ पैकी ३६ अंश, म्हणजे ७५ टक्के, उतरले असे म्हणतात व बिअरमध्ये घनफळाने सु. ४.७% अल्कोहॉल असते. हे प्रमाण दृश्य होय. अल्कोहॉल पाण्याहून हलके असल्याने प्रत्यक्षात संपलेली शर्करा याहून कमी असते. तेच वर्ट १.०२० ला अडकले, तर उतार केवळ ५८% भरतो. अशी बिअर गोड व जड लागते. शिवाय किण्वनाच्या मध्यावर तयार होणारी डायअॅसिटिल, अॅसिटाल्डिहाइड यांसारखी संयुगे शोषून नाहीशी करण्याचे काम यीस्ट शेवटच्या टप्प्यात करीत असते; ते अर्धवट राहिल्याने लोण्यासारखा किंवा कच्च्या सफरचंदासारखा वास मागे राहतो.

चवीचा दोष सहन करता येतो. खरा धोका बाटल्या भरल्यानंतरचा आहे. घरगुती बिअरमध्ये फेस यावा म्हणून बाटलीत थोडी साखर घालून दुसरे, लहानसे किण्वन घडवून आणतात. रखडलेल्या बिअरमधील उरलेली शर्कराही त्याच वेळी बंद बाटलीत आंबू लागते. वि. गु. ०.००१ ने उतरल्यास दर लिटरमागे सु. अर्धा लिटर कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. वरील उदाहरणातील बिअर १.०२० ला भरली आणि बाटलीत ती १.०१२ पर्यंत उतरली, तर नेहमीच्या अडीच घनफळांवर आणखी चार घनफळे वायूची भर पडते व २०° से. तापमानास बाटलीतील दाब बाहेरच्यापेक्षा सु. साडेसहा वातावरणांनी जास्त होतो. शँपेनच्या जाड काचेच्या बाटल्यांतही दाब सामान्यतः पाच-सहा वातावरणे असतो. बिअरची साधी बाटली याहून दुबळी असल्याने ती फुटते आणि काचेचे तुकडे जोराने उडतात. म्हणून किण्वन थांबले आहे ते पुरे होऊन की मध्येच अडखळून, याचा निर्णय झाल्याशिवाय बाटल्या भरू नयेत, हा नियम या छंदात चवीच्याही आधी येतो.

खरे रखडणे व आभास : किण्वन रखडल्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच मापनातील चुकांमुळे उद्‌भवलेल्या असतात. पिंपावरील पाण्याच्या झडपेतून बुडबुडे येणे थांबले एवढ्यावरून काहीच ठरत नाही. झाकण सैल असेल तर वायू तेथून निघून जातो. उलट किण्वन संपल्यावरही बिअर तापली की विरघळलेला वायू बाहेर पडून बुडबुडे दिसत राहतात. हायड्रोमीटरचे वाचन दोन-तीन दिवसांच्या अंतराने घ्यावे लागते. नमुन्यातील वायूचे बुडबुडे उपकरणास चिकटून त्यास वर उचलतात व वाचन फुगते, म्हणून नमुना दोन भांड्यांत वरखाली ओतून आधी वायू घालवावा. तापमानाची दुरुस्तीही करावी, २०° से. साठी आखलेले उपकरण ३०° से. च्या नमुन्यात सु. ०.००२५ ने कमी वाचन दाखविते. प्रणमनांकमापक वापरणारे तर हमखास फसतात. हे उपकरण साखरेच्या विद्रावासाठी आखलेले असते व अल्कोहॉलमुळे प्रणमनांक वाढतो. सुरुवातीस १२ ब्रिक्स असलेले व पूर्ण आंबलेले वर्ट या उपकरणात सु. ६ ब्रिक्स दाखविते. ते वाचन सरळ वि. गु. मध्ये बदलले, तर १.०२४ येते. हायड्रोमीटर मात्र त्याच बिअरमध्ये १.०१० च्या आसपास स्थिरावतो.

वाचन बरोबर असूनही किण्वन संपलेले असू शकते, कारण वर्टमधील सर्वच कर्बोदके यीस्टला पचत नाहीत. सर्वसाधारण वर्टमध्ये माल्टोज सर्वांत जास्त, निम्म्याच्या आसपास असते. त्याखेरीज ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, माल्टोट्रायोज आणि पाव हिश्शापर्यंत डेक्स्ट्रिने असतात. डेक्स्ट्रिनांच्या लांब साखळ्या सामान्य यीस्ट तोडू शकत नाही. माल्ट गरम पाण्यात मुरविताना तापमान ६२°–६५° से. राखल्यास बीटा-अॅमिलेज हे एंझाइम अधिक माल्टोज तयार करते, ७०° से. च्या वर ते लवकर नष्ट होते व आल्फा-अॅमिलेजाच्या कार्यामुळे डेक्स्ट्रिनांचे प्रमाण वाढते. अशा वर्टची बिअर १.०२० ला थांबली, तर तिला रखडलेली म्हणणे योग्य नव्हे. डब्यातील माल्टअर्क वापरणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, कारण अर्क कोणत्या तापमानास मुरविला होता हे त्यांच्या हाती नसते.

शंका फेडण्याचा उत्तम उपाय म्हणजे सक्तीच्या किण्वनाची कसोटी. वर्टचा किंवा अडकलेल्या बिअरचा सु. पाव लिटर नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन त्यात गरजेच्या कितीतरी पट यीस्ट घालतात व सु. २५° से. तापमानास दोन-तीन दिवस अधूनमधून हालवीत ठेवतात. या नमुन्याचे वि. गु. जेथे स्थिरावते ती त्या वर्टची मर्यादा होय. पिंपातील बिअर तिच्या जवळ असेल, तर कोणताही उपाय संभवत नाही व आवश्यकही नाही. दोहोंत मोठा फरक असेल, तरच किण्वन खरोखर रखडले आहे. मद्यनिर्माणशाळा ही कसोटी नेमाने घेतात. घरी ती क्वचितच घेतली जाते, ही खेदाची गोष्ट आहे. तिला लागणारा खर्च एका यीस्टच्या पुडीपलीकडे नाही.

कारणे : सर्वांत नेहमीचे कारण तापमान. एल जातीच्या बिअरचे यीस्ट सामान्यतः १८°–२२° से. ला, तर लागर बिअरचे ८°–१३° से. ला कार्य करते. किण्वन ही उष्णता देणारी विक्रिया असल्याने ऐन भरात पिंपातील द्रव खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असतो. भर ओसरला की ही उष्णता कमी होते आणि थंड देशांत, विशेषतः रात्री, द्रव झपाट्याने निवतो. शेवटची, पचविण्यास अवघड अशी माल्टोट्रायोज शर्करा उरलेली असतानाच यीस्टला थंडी बाधते व ते तळाशी बसते. काही इंग्लिश यीस्टांच्या कोशिका एकमेकींस चिकटून गुठळ्या बनण्याकडे मुळातच अधिक झुकतात. यॉर्कशरमधील दगडी चौकोनी हौदांत आंबणारे वर्ट पंपाने पुन्हापुन्हा वर खेळविण्याची जुनी पद्धत अशाच यीस्टमुळे पडली.

दुसरे कारण यीस्टचा अपुरेपणा वा अशक्तपणा. एल बिअरसाठी वर्टच्या दर मिलिलिटरमागे व दर प्लेटो अंशामागे सु. साडेसात लाख जिवंत कोशिका लागतात. १२ अंशांच्या २० लि. वर्टसाठी ही संख्या सु. १८,००० कोटी होते. जुन्या पुडीत वा बाटलीत एवढ्या जिवंत कोशिका असतीलच असे नाही. ऑक्सिजनाचे महत्त्वही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. किण्वन ऑक्सिजनाच्या अभावी होत असले, तरी कोशिकापटलासाठी लागणारी स्टेरॉले व असंतृप्त वसाम्ले तयार करण्यास यीस्टला आरंभी ऑक्सिजन हवाच असतो. वर्ट उकळताना तो निघून जातो, म्हणून थंड झालेले वर्ट खळखळून दर लिटरमागे ८–१० मिग्रॅ. ऑक्सिजन त्यात पुन्हा मिसळावा लागतो. तो न मिळाल्यास पहिले दोन दिवस सर्व सुरळीत दिसते. पुढे प्रत्येक विभाजनागणिक कोशिकापटले दुबळी होत जातात व वाढते अल्कोहॉल त्यांना सोसवत नाही.

खर्च वाचविण्यासाठी माल्टऐवजी साखर जास्त घातली, तर वर्टमध्ये नायट्रोजनयुक्त अॅमिनो अम्ले व जस्त यांचा तुटवडा पडतो. शिवाय ग्लुकोज विपुल असेतो माल्टोज कोशिकेत नेणारी प्रथिने यीस्ट तयार करीत नाही. ग्लुकोज संपल्यावर ती तयार करण्याचे बळ त्याच्यात उरले नाही, तर किण्वन माल्टोजापाशी थबकते. बेल्जियमच्या एनो प्रांतातील सेझाँ बिअरचे एक प्रसिद्ध यीस्ट मात्र या कोणत्याही कारणाशिवाय १.०३५ च्या सुमारास थांबण्याबद्दल ख्यात आहे, ३०° से. च्या वर तापविल्यास किंवा काही आठवडे वाट पाहिल्यास ते पुन्हा चालू लागते.

उपाय : प्रथम पिंप तीन-चार अंशांनी गरम जागी ठेवून ते हळूहळू घुसळतात किंवा निर्जंतुक पळीने तळाचा साका वर आणतात. या वेळी हवा मिसळू देऊ नये. आरंभी पोषक असणारा ऑक्सिजन अर्ध्या आंबलेल्या बिअरमध्ये शिळेपणाचा, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आणतो. थंडीने किण्वन अडले असल्यास एवढ्याने दोन-चार दिवसांत ते पुन्हा सुरू होते. पोषकद्रव्ये या टप्प्यावर घालून फारसा लाभ होत नाही.

याने काम न भागल्यास नवे यीस्ट घालावे लागते. पण कोरडी पुडी वरून भुरभुरविणे बहुधा व्यर्थ जाते. अल्कोहॉल असलेल्या, ऑक्सिजन व सोप्या शर्करा संपलेल्या द्रवात झोपलेली कोशिका जागी होणे कठीण असते. त्याऐवजी एक लिटरभर ताज्या, हवा खेळविलेल्या वर्टमध्ये यीस्टचे विरजण लावून ते फेसाच्या ऐन भरात असताना पिंपात ओततात. अशा कोशिका माल्टोज पचविण्यास आधीच सज्ज असतात. जर्मन बिअरशाळांत आंबत असलेले वर्ट तयार बिअरमध्ये मिसळण्याची पद्धत आहे; तिच्यामागील तत्त्व हेच. नवे यीस्ट जास्त अल्कोहॉल सोसणारे व लवकर खाली न बसणारे निवडावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजंतूंच्या राष्ट्रीय संग्रहात औद्योगिक यीस्टांचे शुद्ध वाण जतन केलेले आहेत. एमील हान्सेन यांनी १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शुद्ध वाणाचा प्रथम उपयोग केला नसता, तर अशी निवड करता आली नसती.

डेक्स्ट्रिने तोडणारे अॅमिलोग्लुकोसिडेज हे एंझाइम घालण्याचा सल्लाही पुष्कळदा देण्यात येतो. त्याचा उपयोग अगदी शेवटी, आणि मर्यादा उंच असल्याचे कसोटीने सिद्ध झाल्यावरच करावा. ते हवे तेथे थांबविता येत नाही, त्यामुळे बिअर पाण्याच्या वि. गु. पर्यंत उतरून पातळ व रुक्ष होते. आणि त्याचे कार्य चालू असताना बाटल्या भरल्यास वर सांगितलेला स्फोटाचा धोका पुन्हा उभा राहतो. कोणताही उपाय केल्यानंतर वि. गु. निदान तीन दिवस एकाच ठिकाणी आणि कसोटीच्या मर्यादेजवळ राहिले, म्हणजे बिअर बाटल्यांत भरण्यास योग्य समजतात.