पकड मोजल्याशिवाय पिंजरा ओळखू नये

औषधाला पोटात घेऊन रक्तापर्यंत नेणारा रेणू कोणता, हे आकारावरून ठरवण्याचा मोह मोठा आहे. सायक्लोडेक्स्ट्रिनचेच पाहा. स्टार्चपासून बनणारे हे कडे तळ नसलेल्या बादलीसारखे असते. अल्फामध्ये ग्लुकोजचे 6 घटक, बीटामध्ये 7, गॅमामध्ये 8. बाहेरची बाजू पाण्यात मिसळणारी, आतली पोकळी तेलकट रेणूंना मानवणारी. रसायनशास्त्रज्ञ विलिये यांनी 1891 मध्ये फ्रान्समध्ये त्याची पहिली नोंद केली. पण पोकळीत औषध मावते एवढ्यावरून यजमान, म्हणजे औषधाला सामावणारा रेणू, निवडणे मला चूक वाटते. गढूळ द्रावण स्वच्छ झाले, हाही पुरेसा पुरावा नाही, कारण या रेणूंचे झुबके औषधाला पोकळीबाहेरही विरघळवून ठेवू शकतात. एनएमआर या चुंबकीय तपासणीत आतल्या भिंतीवरच्या हायड्रोजनांचे संकेत सरकले, तरच पाहुणा, म्हणजे औषधाचा रेणू, आत शिरल्याचे म्हणता येते. आणि जोडी जमताना होणारी उष्णतेची देवाणघेवाण मोजली, की पकडीचा आकडा हाती येतो.

मग सर्वांत घट्ट पकडणारा रेणूच का घेऊ नये? कुकुरबिटुरिल-7 हा दुसऱ्या घराण्यातला पोकळ रेणू काही पाहुण्यांना इतके आवळतो, की बंधनस्थिरांक, म्हणजे पकडीचा आकडा, 10च्या 17व्या घातापर्यंत जातो. वाहक म्हणून अशी पकड निरुपयोगी, कारण औषध सुटलेच नाही तर ते काम कुठे करणार? वाहकाला बेताचीच पकड हवी, रक्तात द्रावण पातळ होताच ढिली पडणारी. उलट गरज असेल तिथे निकषही उलटतो. स्कॉटलंडमधील ऑर्गॅनॉन या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गॅमाच्या कड्याला ऋणभारित टोकांचे 8 हात जोडले गेले. पोकळी खोल झाली आणि भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारे रोक्युरोनियम तिच्यात अडकून पडू लागले. हेच सुगामाडेक्स. युरोपने त्याला 2008 मध्ये मान्यता दिली. अॅलर्जीच्या शंकेमुळे अमेरिकेची मान्यता 2015 पर्यंत लांबली. एकाच घराण्यातला एक रेणू औषध पोचवतो, दुसरा ते निष्प्रभ करतो. कड्याची ठेवण दोघांची सारखीच, म्हणून ती पाहून हा फरक कळत नाही.

पकडीचा आकडा जुळला तरी शरीराचा प्रश्न उरतोच. साधे बीटा पाण्यात लिटरमागे जेमतेम 18 ग्रॅम विरघळते आणि इंजेक्शनातून दिल्यास मूत्रपिंडाला इजा करते. म्हणून व्होरिकोनॅझोल आणि रेमडेसिव्हिर या औषधांच्या इंजेक्शनांत त्याचे सल्फोब्युटिल रूप वापरतात. तेही मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णाला इंजेक्शन देताना डॉक्टरांना औषधाइतकाच त्याच्या वाहकाचाही विचार करावा लागतो.