जुन्या मोटारीची निगा – लेखांक ७ : उभ्या गाडीचे अस्थिर इंजिन

टाकीतला पंप आणि पेट्रोलचा फिल्टर यांचा परामर्श गेल्या लेखांकात घेतल्यानंतर, रस्त्यावर धावताना सर्वथा निर्दोष वाटणारी गाडी उभी राहताक्षणीच का कापू लागते, या प्रश्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. गोखले रोडवरच्या सायंकाळच्या गर्दीत किंवा तीन हात नाक्याच्या सिग्नलपाशी, एसी चालू असताना, वीस वर्षे सेवा केलेली ‘मारुती ८००’ आचके देऊन बंद पडते, मागच्या हॉर्नांचा गिल्ला सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी मालक ‘आयडलिंग जरा वाढवून द्या’ अशी फर्माईश घेऊन नौपाड्यातले गॅरेज गाठतो. ही फर्माईश तपासाविना पुरी करणे म्हणजे रोग कायम ठेवून त्याचे लक्षण दडपणे होय.

डिसेंबर १९८३मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हा तिच्यात कार्बोरेटर होता, आणि एक स्क्रू फिरवून आयडलिंग कमीजास्त करण्याची मेकॅनिकची सवय त्या काळी योग्यच होती. परंतु २०००च्या सुमारास उत्सर्जनाचे निर्बंध कडक होऊन एमपीएफआय इंजिनाचा अंमल सुरू झाला, आणि तो अधिकार स्क्रूकडून कंट्रोल युनिटकडे गेला. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते. इंजिनाला लागणारी हवा तिच्या बगलेतल्या एका अरुंद मार्गाने येते, आणि त्या मार्गावरचा आयडल व्हॉल्व्ह युनिटच्या हुकुमानुसार उघडमीट करून मिनिटाला सुमारे आठशे-नऊशे फेरे कायम राखतो. या अवस्थेत मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम एकतृतीयांश असतो. हवेचा एकूण पुरवठाच इतका तुटपुंजा असल्यामुळे, वेगात धावताना ज्याची दखलही घ्यावी लागत नाही असा काजळीचा थर किंवा रबरी पाइपाची एखादी भेग, आयडलिंगला मात्र सगळा हिशेब उलटापालटा करते.

म्हणून पाने-पकड हाती घेण्यापूर्वी मालकाची जबानी नीट घ्यावी. तक्रार पहाटे थंड इंजिनावरच उद्भवते आणि इंजिन तापताच नाहीशी होते काय? तसे असेल तर आयडल व्हॉल्व्हबरोबरच कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घ्यावा. बहुतेक जपानी घडणीच्या इंजिनांत त्याचा रोध वीस अंश सेल्सिअसला दोन ते अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास असतो, तेव्हा साध्या मल्टिमीटरनेही त्याची सत्यता पडताळता येते. केवळ एसी लावल्यावरच गाडी बंद पडते काय? मग कॉम्प्रेसरचा बोजा पेलण्यासाठी जी जादा हवा मिळावयास हवी ती मिळत नाही, असे समजावे. फेरे आपोआप चढतात आणि उतरत नाहीत काय? मग कोठून तरी बिनपरवाना हवा आत शिरत आहे. कारण या मारुतीत हवेचे मोजमाप मॅनिफोल्डच्या दाबावरून होते, त्यामुळे गळतीची हवाही हिशेबात येऊन तिच्या जोडीला पेट्रोल सुटते. याउलट हवेचा प्रवाह मोजणारा मीटर असलेल्या गाड्यांत तीच गळती मीटरच्या पुढे घडल्याने मिश्रण विरळ होते आणि इंजिन कापू लागते.

आता तपासाचा क्रम. बॅटरीची ऋण वायर काढून थ्रॉटल बॉडी आणि बगलमार्ग योग्य क्लीनरने, कापड ओले करून, स्वच्छ करावेत. नंतर इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून पकडीने हलकेच दाबावेत. ज्या पाइपाला दाबताच आयडलिंग सुधारते, त्याच्या पलीकडे गळती आहे. तापल्या इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती हुडकण्याचा प्रघात आगीला निमंत्रण देणारा असल्याने वर्ज्य मानावा. यानंतर प्लग आणि त्यांच्या वायरी पाहाव्यात. पावसाळ्याच्या दमट हवेत वायरीच्या तड्यांतून ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते. तीन सिलिंडरांच्या इंजिनात आठशे फेऱ्यांना मिनिटाला बाराशे स्फोट होतात; एक सिलिंडर निकामी झाला की त्यांतले चारशे गळतात. तो ओळखण्यासाठी इंजेक्टरचे कपलर क्षणभर एकेक करून काढावे. ज्याच्या काढण्याने इंजिनात काहीच फरक पडत नाही, तोच कसूरवार.

एक पुरावा मात्र बहुतेक मालकांच्या डॅशबोर्डच्या खणात दुर्लक्षित पडून असतो : पीयूसीचे प्रमाणपत्र. ती चाचणी आयडलिंगवरच होते, आणि भारत स्टेज २ व ३च्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडसाठी ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनसाठी ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. पहिला आकडा मर्यादेच्या अगदी निकट असेल तर पेट्रोल अधिक जळत आहे. पहिला अल्प आणि दुसराच चढलेला असेल तर पेट्रोल जळल्याविना बाहेर पडत आहे, अर्थात ठिणगीत अथवा विरळ मिश्रणात दोष आहे. मागील दोन-तीन प्रमाणपत्रे शेजारी ठेवून वाचली, तर बिघाडाचा आरंभ केव्हा झाला हेही कळून येते.

एवढा शोध झाल्यावरही ज्याला थ्रॉटलच्या थांब्याचा स्क्रू फिरवण्याचा मोह होतो, त्याने लक्षात घ्यावे की त्यामुळे थ्रॉटल सेन्सरला चकती बंद असल्याची वर्दीच मिळेनाशी होते आणि युनिट आयडलिंगचा बंदोबस्त सोडून देते. आणि पुढे खरी गळती बुजवली, तरी फेरे ठिकाणावर येत नाहीत. नवे भाग विकत घेण्याची तजवीज, स्वच्छता, पाइप आणि प्लग हे तीन विषय निकाली निघाल्यावरच करावी.

पुढील लेखांकात : रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि घाटातील तापणे.