मोबाइलवरचा प्रचार आणि खर्चाचा हिशेब

सोशल मीडियावरचा प्रचार फुकटात होतो, हा समज चुकीचा आहे. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ रोजी सूचना काढून हा प्रचारही आचारसंहितेच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केले. उमेदवाराला अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडिया खाती जाहीर करावी लागतात. जाहिरातींचे पैसेच नव्हे, तर मजकूर व व्हिडिओ बनवण्याचा खर्च आणि खाती सांभाळणाऱ्या चमूचे पगारही निवडणूक खर्चात धरले जातात. महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख, तर विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. शिवाय राजकीय जाहिरात झळकण्याआधी माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी लागते.

फेसबुकवर राजकीय जाहिरात दिसली, तर तिचे पैसे कोणी भरले हे सांगणारी ओळ आधी वाचा. मग फेसबुकच्या ‘अ‍ॅड लायब्ररी’ या जाहिरातींच्या खुल्या संग्रहात ते नाव शोधा. अंदाजे किती खर्च झाला, ती कोणत्या वयोगटाने पाहिली, कोणत्या राज्यांत दिसली, हे तिथे कोणालाही पाहता येते.

खरी अडचण व्हॉट्सअ‍ॅपची आहे. तिथल्या खासगी गटांत फिरणाऱ्या संदेशाचा उगम सहज कळत नाही, त्यामागचा खर्चही नोंदीत येत नाही. प्रचारावर पाळत ठेवणाऱ्या समित्या तिथवर पोहोचू शकत नाहीत. म्हणून संदेश पुढे पाठवण्याआधी तो कोणाचा आणि खरा आहे का, हे तपासणे प्रत्येक मतदाराचे कर्तव्य आहे.